गादी कोर्टात हजर होते

इतवारी बाजारातलं रुपराव आणि मनोहरराव यांचं बावीस वर्षांचं भागीदारीतलं भांड्यांचं दुकान फुटायला आलं, ते गादीवरून. व्यापाऱ्यांच्या भाषेत गादी म्हणजे दुकान, नाव, गिऱ्हाईक, सगळंच. ती कोणाकडे राहावी हे ठरवायला दोघांनी एकेक पंच नेमला. रुपरावांचे देवाजी, मनोहररावांचे आनंदराव.

दोघेही पंच भले. मित्राची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून देवाजींनी गादी मनोहररावांना दिली. त्याच धास्तीनं आनंदरावांनी ती रुपरावांना देऊन टाकली! एका वादाचे दोन निवाडे झाले.

"काहून गा देवाजी, तू तं माह्याकडचा ना?" रुपराव कळवळले.

"म्हणूनच तं! लोक काय म्हणतीन मले?"

प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश रत्नागिरीकडचे, नुकतेच बदलून आलेले. दोन्ही निवाडे वाचून त्यांनी चष्मा काढला.

"एका गादीसाठी एवढं? मंगळवारी ती इथे हजर करा. नाहीतर दोन्ही निवाडे रद्द करीन, आणि नवे पंच बसेपर्यंत दुकानाला सील."

साहेबांना गादीचा अर्थ सांगण्याची छाती एकाही वकिलाची झाली नाही.

मंगळवारी दुकानाला कुलूप घालून दोघांनी बसायची गादी हातगाडीवर आणली. शिपाई ती आत नेऊ देईना, म्हणून व्हरांड्यातच अंथरली. दुपारपर्यंत दोघे तिच्या दोन टोकांना उभे राहिले. मग दोघेही तोंडं फिरवून तिच्यावरच बसले.

तेवढ्यात सावनेरच्या कांताबाई, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, धापा टाकत आल्या.

"अवो भाऊ, दुकानाले कुलूप! शेजाऱ्यानं इथं धाडलं. परवा धाकटीचं लग्न हाये. पाणी भराचा गुंड पाहिजे मले, हंड्याएवढा."

"पितळेचा देऊ?" रुपराव सवयीनं बोलून गेले.

"तांब्याचा दे," मनोहरराव भिंतीकडे पाहतच म्हणाले. "मोठीच्या लग्नात पितळेचा नेला व्हता त्याईनं."

"मले कसं नाही आठवलं गा?"

"तुले कधी आठवते? ते माह्यं काम हाये."

हा माणूस नसेल, तर आपल्या दुकानात नुसती भांडीच उरतील, हे रुपरावांना आत्ता कळलं. ते हळूच त्याच्याकडे सरकले. मनोहररावांनीही तोंड वळवलं. मग दोघं मिळून कांताबाईंना गुंडाचा घेर हातांनी दाखवू लागले.

पुकारा झाला. कोणी उठेना. दुसरा झाला, तिसरा झाला. शेवटी साहेब स्वतःच बाहेर आले.

"शेवटचं विचारतो. ही गादी कोणाची?"

मान वर न करता दोघे एका सुरात म्हणाले, "थांबा जी साहेब, गिऱ्हाईक हाये!"