पटाला फुटलेली शेपटी

पार रुंद करायचा ठराव ग्रामपंचायतीत एकमतानं पास झाला, तेव्हा महादेवरावांनीही हात वर केला होता. पुढं आयुष्यभर ते त्या हाताकडं रागानं बघत.

महाराष्ट्र होऊन दोनच वर्षं झाली होती. मेहकरकडच्या त्या गावात नव्या कारभाराची हौस मोठी होती. सभा भरवायची तर माणसं बसायला पार पुरत नव्हता. सरपंच शंकररावांनी देऊळगाव राजाहून पुंजाजी पाथरवट आणला. त्याच्या जेवणाची सोय महादेवरावांकडं झाली, कारण पाराला लागून तेच घर. रोज दुपारी त्यांच्या पत्नी सोजराबाई भाकर-बेसन घेऊन पारावर जात. महादेवराव मात्र त्या आठवड्यात संग्रामपूरला लग्नाला गेले होते.

परत आले ते थेट पारावर. आणि मटकन खालीच बसले.

पाराच्या मधल्या काळ्या दगडावर वाघबकरीचा पट कोरलेला होता. कोणी कोरला हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ म्हणजे तीन बिब्बे, महादेवरावांच्या वडिलांच्या हातचे, इतके जुने की त्यांचं तेल केव्हाच आटलेलं. बकऱ्या म्हणजे चिंचोके. वाघानं उडी मारून सहा बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले, तिन्ही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, बैलांना सुट्टी आणि माणसांनाही. त्या दिवशी वरची आळी विरुद्ध खालची आळी असा डाव व्हायचा. जिंकेल त्याच्या घरी वर्षभर वाघ राहायचे आणि पुढच्या वर्षी वाघांकडून तोच खेळायचा. महादेवरावांच्या घरातून ते बिब्बे तेवीस वर्षं हलले नव्हते. हा आपल्या डोक्याचा प्रताप, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्या पटावर वाघ हरणं मुळातच कठीण होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

आता त्या पटाला शेपटी फुटली होती. जुन्या दगडाला लागून नवा दगड बसवला होता आणि पटाची एक रेघ त्यावर पुढं ओढून, टोकाला तिचे दोन फाटे फोडून दोन घरं कोरली होती.

"हे काय केलं बे?" महादेवराव ओरडले.

"पट अर्धवट होता, पुरा केला," पुंजाजी छिन्नी पुसत म्हणाला. "मले अर्धं काम सोडाची सवय नाही."

"खोड ते!"

"दगडातली रेघ खोडता आली असती तं आमाले कोणं इचारलं असतं मालक?"

झालं. दोन महिने गावाला दुसरा विषय नव्हता. वरच्या आळीनं चौथा वाघ मागितला. खालच्या आळीनं लगेच पाच बकऱ्या वाढवून मागितल्या. चार वाघ, वीस बकऱ्या असा एक डाव करून पाहिला, तर संध्याकाळ झाली तरी तो संपेना आणि घरोघरी म्हशी धारेसाठी रेकायला लागल्या. शेवटी शंकररावांनी हात जोडले. "बाप्पा, जुनेच वाघ, जुन्याच बकऱ्या. पट हाये तसा."

तोवर महादेवरावांनीही विचार केला होता. "खेळू ना! रान मोठं झालं तं वाघालेच चराले मोकळं," ते मिशीवर ताव देत म्हणाले. वाघ चरत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

समोर खेळायला होता जानराव, सोजराबाईंचा धाकटा भाऊ. सोजराबाईंचं माहेर त्याच गावात, खालच्या आळीला, हाकेच्या अंतरावर. पण सात वर्षांमागं डाव जिंकल्यावर महादेवराव चारचौघांत बोलून गेले होते, "जानराव, तू बकऱ्या चारालेच जन्मला बे!" जानराव तिथल्या तिथं उठला होता. "दाजी, हे वाघ माह्या हातात येतीन, तवाच तुमच्या दारात पाय ठेवीन." त्यानं शब्द पाळला. ओवाळून घ्यायला भावानं यायचं असतं, बहिणीनं ताट घेऊन फिरायचं नसतं, म्हणून सोजराबाईही गेल्या नाहीत. सात भाऊबिजा त्यांनी अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. महादेवरावांना ते बघवत नसे, म्हणून ते त्या वेळी गोठ्यात जाऊन बसत. पण बोललेला शब्द परत घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

करीच्या दिवशी अख्खं गाव पारावर लोटलं. जागा आता भरपूर होती, ठराव त्यासाठीच झाला होता.

महादेवरावांनी झपाट्यानं तीन बकऱ्या खाल्ल्या. वरच्या आळीनं शिट्ट्या मारल्या. मग जानरावनं एक चिंचोका त्या नव्या रेघेवर, शेपटीच्या तोंडाशी, एकटाच ठेवला. मागं रान मोकळं. महादेवरावांच्या वाघानं उडी मारली, बकरी खाल्ली आणि शेपटीच्या टोकाच्या एका घरात जाऊन बसला. चार झाल्या.

जानरावनं तिथंच दुसरी ठेवली.

"काऊन हारतं बे फुकट?" महादेवराव हसले आणि दुसऱ्या वाघानं तीही खाल्ली. पाच! आता एकच. शेपटीची दोन्ही घरं भरली होती. जानरावनं शांतपणे तोंडाच्या मागच्या घरात एक चिंचोका ठेवला, आणि महादेवराव तिसरा वाघ सहाव्या बकरीकडं पळवतात तोवर दुसरा तोंडाशी. तो उडवला की महादेवराव जिंकले, पण टोकाच्या दोन घरांतून उडी पडायची ती त्याच्या मागच्या घरात, आणि तिथं पहिला चिंचोका आधीच येऊन बसलेला. दोन वाघ आत कोंडले. तिसरा बाहेर एकटा पळत राहिला आणि उरलेल्या बकऱ्यांनी त्याला कोपऱ्यात नेऊन बसवला.

पारावर कोणी ओरडलं नाही. तेवीस वर्षांनी जिंकलं की काय करायचं असतं, हे खालच्या आळीला माहीत नव्हतं. महादेवरावांनी बिब्बे कनवटीतल्या फडक्यात बांधले, जानरावच्या हातावर ठेवले आणि घरी जाऊन न जेवता पडून राहिले.

भाऊबिजेला जानराव आला. उंबऱ्याबाहेर जोडे काढले, मुठीतले वाघ दाखवले आणि आत पाय टाकला. सोजराबाईंनी पाट मांडला, ओवाळलं. महादेवराव आज गोठ्यात गेले नव्हते. बायकोचा असा चेहरा आपण सात वर्षांत पाहिला नाही, हे त्यांना एकदम जाणवलं. ते लपवायला ते खेकसले, "तो पुंजाजी भेटू दे एकडाव, तंगडंच मोडतो त्याचं!"

"त्याले काऊन बोलता?" सोजराबाई म्हणाल्या. "रेघ कुठं मारावी हे म्याच चुलीतल्या कोयश्यानं काढून देल्लं होतं."



"जानू, वावरातल्या खोपीपाशी आपण लहानपणी असाच पट काढू ना? शेपटीचा? तू वाघ घे अन् दरवेळी आत जाऊन बसे. इसरला?"

जानरावचा चेहरा पडला. दोन महिने तो ही युक्ती आपल्या डोक्यातून निघाली असं गावाला सांगत होता.

"पण मी आत जाईन, हे तुले कसं ठाऊक?" महादेवरावांनी विचारलं.

"तेवीस वर्षं झाले संसाराले," सोजराबाई करंजी वाढत म्हणाल्या. "पुढं एक बकरी दिसली का तुमी थांबत नाही."

महादेवरावांनी करंजी खाल्ली आणि ही गोष्ट घराबाहेर काढली नाही. पुढच्या करीला बकऱ्यांकडून तेच खेळले आणि जानरावचे वाघ त्याच शेपटीत कोंडून घरी घेऊन आले. त्याच्या पुढल्या वर्षी जानरावनं ते नेले. शेपटीचं माहीत असूनही वाघ दरवेळी आत जायचेच. गाव सगळा दोष पुंजाजीला देत राहिलं.

आता त्या पारावर कोणी खेळत नाही. पट अजून आहे, शेपटीसकट. पण ते दोघं होते तोवर एक नेम कधी चुकला नाही. वाघ जानरावच्या घरी असले, तर भाऊबिजेला तो ते मुठीत घेऊन यायचा. आणि वाघ दाजींकडं असले, तर वाघ नीट आहेत ना ते बघायला यायचा.