शून्य ते शंभर, शेजारी मास्तर

"साडेतीन सेकंदांत शंभर? अहो, साडेतीन सेकंदांत मला धड शिंकसुद्धा येत नाही!"

असं म्हणून मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर अशी थाप मारली की सासऱ्यांच्या पुढ्यातली वाटी टुणकन उडाली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. त्यांच्या छोट्याशा गाडीच्या टपावर भलामोठा पिवळा बोर्ड होता, आणि शेजारच्या सीटपुढे, म्हणजे मास्तरांच्या पायाशी, एक जादा ब्रेक होता. त्या ब्रेकच्या जोरावर त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाचे जीव वाचवले होते!

समोर बसले होते त्यांचे साडू. बँकेत मोठे साहेब. भाषण केल्यासारखं बोलायचे आणि बोलताना चष्मा काढून हातात धरायचे. वाद चालला होता तो कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलेल्या लाल स्पोर्ट्स कारवरून. दोनच सीट, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि चालू केली की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत.

"सातशे घोड्यांची ताकद आहे तिच्यात, मास्तर! सातशे!" साडू म्हणाले.

"इंजिनात सातशे. चाकापर्यंत पोचतात किती? पगाराच्या स्लिपवर आकडा काय असतो आणि हातात काय पडतं, हे आता बँकेतल्या माणसाला मी सांगायचं?"

सासरे, म्हणजे अण्णा, खुदकन हसले. मास्तरांना तेवढंच हवं होतं.

"कंपनीवाले मोजतात ते गुळगुळीत ट्रॅकवर! टायर तापवून! सडपातळ ड्रायव्हर बसवून! आपल्या रस्त्यावर बारीक खडी असते, टायर जागच्या जागी फिरतात, आणि ड्रायव्हर पोटभर जेवून आलेला असतो. सहा सेकंदांच्या खाली आली तर मिशी उतरवीन!"

"अहो, मी व्हिडिओ पाहिलाय!"

"व्हिडिओत पाहून पोहायला शिकलेला माणूस दाखवा मला एक!"

साडूंनी चष्मा काढला. "मिशी राहू द्या. करूनच बघू. जो हरेल त्यानं या घरात पुन्हा गाड्यांविषयी चकार शब्द काढायचा नाही."

मास्तर "कबूल!" म्हणून मोकळे झाले, आणि मग लगेच पस्तावले. कारण त्या घरात बाकी सगळे विषय साडूंचे होते. घर कुठं घ्यावं, पैसे कुठं गुंतवावे, गुडघा कोणत्या डॉक्टरला दाखवावा, सगळं अण्णा साडूंना विचारायचे. फक्त गाडीचा विषय निघाला की त्यांची मान मास्तरांकडे वळायची. एवढ्या एका मानेसाठी मास्तर दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून सासुरवाडीला येत असत. ती मान गेली की उरलं काय? वाढप्याचं काम!

डॉक्टरीणबाईंना विचारायला मास्तर स्वतः गेले. बाई त्यांचीच विद्यार्थिनी. परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, मास्तरांनी हट्टानं तिसऱ्यांदा बसवलं होतं.

"सर, तुमच्यासाठी काहीही!" बाई म्हणाल्या. "पण मी काही तशी जोरात चालवत नाही हं. मला रंग आवडला म्हणून घेतली."

गावाबाहेर विमानांची एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी होती. मास्तर तिथं मुलांना रिव्हर्स शिकवत. पट्टीच्या मध्यावर थोडा उंचवटा होता, त्यामुळे पलीकडचं टोक दिसत नसे. ठरलेल्या दिवशी सकाळी सगळे तिथं जमले. अण्णा घडीची खुर्ची घेऊन आले. साडूंची गाडी नेहमीप्रमाणे त्यांच्या बायकोनं चालवत आणली, कारण साडूंना म्हणे वाटेत फोन घ्यायचे असतात. मास्तर हातात फोन घेऊन, त्यावर सेकंद मोजायचं घड्याळ लावून, लाल गाडीत शिरले. शिरले म्हणजे आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले मास्तर!

"वेळ मीच मोजणार," त्यांनी बजावलं. "डोळ्यांत तेल घालून!"

अण्णांनी रुमाल हलवला. बाईंनी पाय दाबला. गाडी अशी काही उसळली की मास्तरांची पाठ सीटला आणि पोट पाठीला चिकटलं. त्यांच्या पायानं आपोआप ब्रेक शोधला. तिथं ब्रेक नव्हताच, नुसती मऊ सतरंजी! आणि मग त्यांच्या तोंडातून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तोफ सुटली:

"ब्रेऽऽक!"

बाईंनी खाडकन ब्रेक मारला. गाडी थांबली. अण्णांचा रुमाल अजून खालीसुद्धा आला नव्हता.

"का थांबवलीत?" मास्तर धापा टाकत म्हणाले.

"सर, तुम्हीच म्हणालात!"

"मी? छे! मी कशाला म्हणू?"

पण गाडीची काच उघडी होती आणि ती तोफ सगळ्यांनी ऐकली होती. साडू खोकल्याचं निमित्त करून हसले.

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी "ब्रेक" हा शब्द तोंडातून काढायचा नाही अशी शपथ घेतली आणि ती पाळलीही. गाडी सुटली, आणि ते ओरडले, "आरसा बघा! आरसा!" बाईंनी निमूटपणे आरशात पाहिलं, डावीकडचा दिवा लावला, पाय उचलला आणि गाडी अगदी कडेला, नियमाप्रमाणे उभी केली. ओसाड धावपट्टीवर!

तिसऱ्या खेपेला मास्तरांनी स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. या वेळी आतून असा काही आवाज आला की सरांना झटका आला असं वाटून बाईंनी घाबरून गाडी थांबवली आणि त्यांची नाडी पाहिली.

"मास्तर, तुम्ही उतरा बरं," साडू म्हणाले. "मी बसतो."

मास्तर उतरले. लाजेनं त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. बायकोनं पाण्याची बाटली पुढे केली.

वेळ मोजायला मास्तरांचा फोन घेऊन साडू आत बसले. रुमाल हलला. गाडी गर्जना करत सुटली, उंचवट्यापलीकडे दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळानं हळूहळू, लग्नाच्या वरातीसारखी परत आली. साडू उतरले. चेहरा पांढराफटक, चष्मा एका कानावर.

"किती?" अण्णांनी विचारलं.

साडूंनी चष्मा दुसऱ्या कानावर बसवला. "साडेतीन! थोडं कमीच असेल!"

"बटण दाबलं होतंत का?" मास्तरांनी विचारलं.

"दाबलं होतं हो! चुकून पुसलं गेलं!"

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला आणि त्या निघून गेल्या. अण्णांनी खुर्चीची घडी घातली. "निकाल स्पष्ट आहे," ते म्हणाले. "ज्यांनी तीनदा गाडी थांबवली, ते हरले."

पुढच्या रविवारी जेवताना साडू घोड्यांवर बोलले, टायरांवर बोलले, चाकाला पोचणाऱ्या ताकदीवर तर मास्तरांचेच मुद्दे उलटे करून बोलले. अण्णांची मान तिकडेच वळलेली. मास्तर खाली मान घालून जेवत राहिले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात घास घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलचं दार हळूच ढकलून एक माणूस आत आला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला मफलर. मास्तरांना वाटलं, चोर! तेवढ्यात त्या माणसानं चष्मा काढून हातात धरला.

"साडूभाऊ?"

"हळू बोला!" साडूंनी दाराला कडी लावली. "मास्तर, मला गाडी शिकवाल?"

"तुम्हाला? अहो, तुम्हाला तर..."

"येत नाही! कधीच आली नाही. कॉलेजात असताना एकदा भिंतीवर घातली, त्यानंतर हात लावला नाही. आणि बँकेत मी गाड्यांच्या कर्जांवर सह्या करतो हो!" साडू स्टुलावर बसले. "त्या दिवशी गाडी सुटली आणि मी डोळे मिटले ते मिटलेच. बटण कुठलं दाबतोय! उघडले तेव्हा काटा साठावर होता आणि बाईंनी पाय उचललेला. म्हणाल्या, याच्यापुढे मी कधी जातच नाही. साठ झाले की कानात सर ओरडतात. रात्री-बेरात्री दवाखान्यातून एकटी येते, पण सर ओरडतात म्हणून सुखरूप येते."

मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली.

"म्हणजे शंभर झालेच नाहीत?"

"नाहीत. मी खोटं बोललो." साडूंनी मान खाली घातली. "मलाही तसाच आवाज कानात हवाय, मास्तर. पण अण्णांना कळता कामा नये. तुमच्या पाया पडतो!"

मास्तर जिंकले होते! आत्ता फोन उचलायचा, अण्णांना सांगायचं, की झालं! त्यांचा हात फोनपाशी गेलासुद्धा. मग त्यांनी साडूंचे हात पाहिले. घामानं डबडबलेले, एकमेकांत घट्ट अडकवलेले. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाचे हात असेच असतात. त्या हातांपुढे मास्तरांचा आजवर कधी राग टिकला नव्हता, आताही टिकेना.

"चला," ते म्हणाले. "आधी सीट पुढे घ्यायला शिका."

आणि त्या रविवारी जेवताना साडू अगदी रंगात आले. "अण्णा, क्लच कसा सोडायचा माहितेय? झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो ना, तसा! अलगद! गाडीला कळताही कामा नये!"

हे वाक्य शब्दन्‌शब्द मास्तरांचं होतं. शुक्रवारी सकाळी, गाडी अकराव्यांदा बंद पडल्यावर सांगितलेलं.

"वा!" अण्णांचा घास हातातच राहिला. "काय समजावून सांगितलंत! मास्तर, इतकी वर्षं गाडी शिकवताय, पण असं कधी बोलला नाहीत. जरा यांच्याकडून काहीतरी शिका!"

साडूंचे कान लाल झाले. ते ताटाकडे बघू लागले. मास्तरांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला.

"हो, अण्णा," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळी बसतोच आहे यांच्या शेजारी!"