लोटू फुवांचा रुसवा

डिंडोलीतल्या लग्नाच्या हॉलमध्ये सकाळपासून सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते, ती म्हणजे नवरीच्या आत्याचे यजमान लोटू फुवा कधी रुसतात. खानदेशी लग्नाला जावई रुसल्याशिवाय रंग चढत नाही आणि फुवा तर या कामात पट्टीचे. थोरल्या मेहुण्याच्या लग्नात ते भर वरातीत बैलगाडीखाली जाऊन बसले होते. पुढे सगळे गाव सोडून शहरात, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला आले, तरी रुसणं काही सुटलं नाही. एकदा चहात साखर कमी पडली म्हणून ते थेट उधना स्टेशनवर जाऊन बसले आणि अख्खं वऱ्हाड बँड घेऊन त्यांना आणायला गेलं. काय दिवस होते ते!

आज धाकट्या मेहुण्याची, निंबाची, लेक धनश्री बोहल्यावर चढत होती. सासरच्या घरातलं हे शेवटचं लग्न. फुवांनाही रुसायचं होतंच. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी सुरू केली आणि तेव्हापासून हातपाय गार, चाल मंद, डोळ्यांवर सदा झापड.

निंबाने आपल्याकडून कसर सोडली नाही. टॉवेल-टोपी देताना त्याने मुद्दाम फुवांना वगळलं. फुवा हसले. चहा गार दिला, तो त्यांनी पिऊन टाकला. फोटोला कुणी हाक मारली नाही, तर ते खुर्चीतून हलले नाहीत. मंडळी घाबरली. फुवांनी मनात काहीतरी भयंकर धरलंय, अशी कुजबुज सुरू झाली.

उषाबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन खडसावलं, तेव्हा ते बिचारे हळूच म्हणाले, "राग येस, पन छाती धडधडत नही. मंग तो खराच वाटत नही."

शेवटी निंबाच हात जोडून समोर आला. त्याचे डोळे भरले होते. "दाजी, तुम्ही रुसनात नही, म्हंजे आम्ही तुमले परका व्हयनूत."

हे मात्र फुवांच्या काळजाला लागलं. ते उठले, पायऱ्या उतरले आणि शेजारी राहणाऱ्या चिंधाच्या दारात उभ्या रिक्षात मागच्या सीटवर जाऊन बसले. हॉलमध्ये आनंदीआनंद झाला. निंबा टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन धावला, तर फुवा डोळे मिटून गप्प. टेकताक्षणी त्यांना गाढ झोप लागली होती. उषाबाईंनी घोरणं ओळखलं, दोन चिमटेही काढून पाहिले. मग नवऱ्याची अब्रू राखायला त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, "आज भलतंच लागेल शे त्यास्ले."

मग थोरले मेहुणे आले, व्याही आले. निघताना धनश्री पाया पडून रडली, तरी फुवांनी डोळे उघडले नाहीत. असा रुसवा उभ्या जन्मात पाहिला नाही, असं म्हणत म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

फुवा जागे झाले तेव्हा मांडववाले खुर्च्या रचत होते.

"धनश्री कोठे शे?"

"गयी सासरले," उषाबाई म्हणाल्या.

फुवांना भडभडून आलं. त्यांच्या खांद्यावर बसून गणपती पाहणारी पोर गेली आणि आपण तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला नाही. त्यांनी तोंड फिरवलं. "मी घर येवाव नही."

आयुष्यात पहिल्यांदाच ते खरेखुरे रुसले होते आणि समजूत काढायला तिथे कुणी उरलं नव्हतं. उषाबाई शेजारी टेकल्या. इतक्या वर्षांत हे काम त्यांच्या भावांनीच केलेलं, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आते मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"पहिले पानी इचारनं पडस," फुवा तोंड न वळवता म्हणाले.