फ्रिजमधला दुभाष्या

या डिसेंबरात आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी पंधरा दिवस एक सर्किट बोर्ड मुक्कामाला होता. हाताच्या पंजाएवढा, हिरवा, डब्यात बंद. डब्यावर चिठ्ठी, 'खाऊ नये.' आता हे कोण खाणार आहे, देव जाणे! पण नानांना कुठलीच गोष्ट गृहीत धरलेली चालत नाही.

नाना आमचे जळगावच्या पिंप्राळ्यातले शेजारी. साठीला टेकलेले, एकटे. घराच्या पुढच्या खोलीत रिपेरिंगचं दुकान. मिक्सर, इन्व्हर्टर, शेतातल्या पंपांचे स्टार्टर. गिऱ्हाईक म्हणालं, "नाना, फ्यूज उडाला असेल," की नाना चष्म्यावरून बघतात. "असेल नको. मीटर लावू." मी एकदा चहा दिला आणि म्हटलं, "जपून, गरम असेल." तर या माणसाने मीटरची तार कपात बुडवली. "एकाहत्तर. दोन मिनिटांनी पिऊ." मी कपाळावर हात मारला.

फ्रिज त्यांच्याकडे नाही. "एकट्याला काय ठेवायचंय त्यात?" म्हणून आमचा.

बोर्ड होता त्यांच्या आईसाठी. आजी एरंडोलजवळच्या गावात राहतात, ऐंशीच्या पुढच्या. जळगावला यायचं नाव काढत नाहीत. ऐकू कमी येतं, म्हणून मोबाईलही नको. मग नानांनी स्वतःच एक यंत्र बनवलं. आजींच्या खाटेशी बटण. ते दाबलं की त्या बोर्डातल्या सिमकार्डावरून इथे नानांच्या दुकानात बेल वाजायची. दुखलंखुपलं की बटण दाबायचं आणि नानांनी स्कूटरवर निघायचं, असं ठरलेलं. पावसाळाभर ते छान चाललं.

पहिली कडाक्याची थंडी पडली आणि गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला. आजी पहाटेपासून तापाने फणफणल्या होत्या. बेल वाजलीच नव्हती. नाना गेले, आजींना डॉक्टरकडे नेलं, आणि परतले ते बोर्ड उपटून घेऊनच.

"वहिनी, याचा मेंदू पाच व्होल्टमध्ये बोलतो, सिमवाला भाग तीनमध्ये ऐकतो. मध्ये ही चिप, दुभाष्या. थंडीत हा गप्प बसतो."

"असेल बाई," मी म्हटलं.

"असेल नको."

मग सुरू झाली तपासणी. बोर्ड फ्रिजमध्ये गार करायचा, बाहेर काढायचा आणि एकेका भागावर बोट टेकवून ऊब द्यायची. ज्याला ऊब मिळाल्यावर बोर्ड बोलेल, तो चोर. पंधरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात हा खेळ! शेवटी दुभाष्या निर्दोष सुटला. शेजारचा जुना कपॅसिटर थंडीत मान टाकायचा, व्होल्टेज पडायचं आणि दुभाष्याचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. नानांनी नवा कपॅसिटर टाकला, बोर्ड दोन दिवस पुन्हा माझ्या दह्याशेजारी ठेवला, वीस वेळा तपासला आणि गावी बसवून आले.

जानेवारीत थंडी पुन्हा पडली. पुन्हा शेजाऱ्यांचा फोन. आजी मोरीत घसरल्या होत्या, पाय सुजला होता. बेल वाजली नव्हती.

नानांचा चेहरा बघवेना. आमच्या ह्यांनी गाडी काढली, मीही बसले. गावात पोचलो तेव्हा अजून हुडहुडी भरत होती. नानांनी आधी आईचा पाय पाहिला, मग थेट भिंतीवरच्या बोर्डाला मीटर लावलं. सगळं बरोबर. बटण दाबलं. बेलबरोबर त्यांच्या मोबाईलवरही रिंग यायची, ती खिशात वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. घामाघूम झाले हो, त्या थंडीत!

मी आजींच्या कानाशी वाकून ओरडले, "आजी, तुम्ही बटण दाबलं होतं का?"

"नही," आजी सहज अहिराणीत म्हणाल्या. "इतली थंडी शे. दाबसू ते हाऊ फटफटीवर येई. कान दुखतस त्याना."

"म्हणजे लेकाला थंडीत स्कूटरवर यावं लागू नये म्हणून! आणि मागे ताप आला तेव्हा?"

"तवय बी नही."

नानांनी मीटर बाजूला ठेवलं. मग हळू म्हणाले, "वहिनी, मी बठ्ठं तपासलं, सगळं. मायलेच इचारं नही."

मला वाटलं, आता रागावतील. ते खाटेशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले. "माय, हाई मशीन थंडीमा आखडस. रोज सकायले एक डाव दाबनं पडस. नही ते मरी जास."

"बिचारं!" आजी कळवळल्या. "मंग रोज दाबसू."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला नानांच्या दुकानात बेल वाजते. भिंतीपलीकडून मलाही ऐकू येते, आणि खरं सांगते, ती वाजल्याशिवाय मी चहाचं आधण ठेवत नाही.

परवा सहा वाजून गेले, सव्वासहा झाले, बेल नाही. मी खिडकीतून पाहिलं. नानांनी कानाला मफलर गुंडाळला होता, स्कूटर रस्त्यावर काढली होती, किक मारायला पाय उचलला होता. तेवढ्यात बेल वाजली.

नाना तिथेच पायरीवर बसले. मी धावत चहा नेला. मीटर दुकानात समोरच होतं, पण तिकडे बघितलंही नाही. कप सरळ तोंडाला लावला.

"अहो नाना, उकळता आहे तो!"

"असेल," नाना म्हणाले.