एकशे अठ्ठावीस हातांचा प्रयोग

विज्ञान आणि कला या दोन्ही गोष्टी हातानेच शिकाव्या लागतात, याबद्दल कोणाचेही दुमत नाही. कोणाच्या हाताने, एवढाच प्रश्न उरतो.

सन दोन हजार एकमध्ये तो नेकनूरकडच्या एका शाळेत निकाली निघाला. (शाळेचे नाव सांगत नाही, तिला पुढे बक्षीस मिळाले आहे.) वरून परिपत्रक आले की, मुलांनी स्वतः कृती करून विज्ञान व कला शिकावी, कृती इंटरनेटवरून घ्याव्यात, आणि उत्तम शाळेला एक संगणक मिळेल. शाळेत इंटरनेट नव्हते, फोन नव्हता, वीजही पाहुण्यासारखी येऊन जायची. म्हणून मुख्याध्यापक वैजिनाथ गुरुजी एसटीने बीडला गेले, सायबर कॅफेत एक कागद छापून घेतला आणि परत आले. येताना जागा मिळाली नाही, त्यामुळे गावात इंटरनेट उभ्याने आले.

कागदावर खोक्याचा कॅमेरा होता. खोक्याच्या एका बाजूला चांदीचा कागद लावून त्याला टाचणीने भोक पाडायचे, समोरच्या बाजूला तेलकट कागद लावायचा आणि डोक्यावरून घोंगडी घ्यायची, की बाहेरचे जग कागदावर उलटे दिसते. ते पेन्सिलीने गिरवले की कलाही झाली. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'मोठ्यांची मदत घ्यावी.' गुरुजींनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली.

खोके सहावीतल्या मोहिनीने दिले. तिच्या घरचे सगळे शेरडं राखणारे. खोक्यातून आलेली चप्पल त्या घरात पहिलीच. चपलेपेक्षा तिने खोकेच जपले होते.

"गुरुजी, मंग पहिला नंबर माझा ना?"

"तुझाच की गं बाई!"

तेलकट कागद भज्यांचा मिळाला (भजी आधी खाणे भाग पडले). चांदीचा कागद सिगारेटच्या पाकिटात असतो. गुरुजी सिगारेट ओढत नसल्यामुळे तो त्यांच्या खिशातच सापडला.

एकच अडचण होती. परिपत्रक म्हणे हात चालवा, आणि शाळेची शिस्त म्हणे हाताची घडी, तोंडावर बोट. गुरुजींनी तोड काढली: मुलांनी घडी घालूनच हातांचा सहभाग द्यावा. पट चौसष्ट, हात एकशे अठ्ठावीस. नोंदवहीत तसे नमूद झाले. मोहिनीने टाचणी उचलली तेव्हा गुरुजी कळवळून म्हणाले, "आण इकडं, तुला न्हाई जमायचं." हे अगदी खोटे नव्हते, शाळेत तिला अजून काही जमू दिलेच नव्हते.

प्रकाश सरळ रेषेत जातो असे बावीस वर्षे शिकवणाऱ्या गुरुजींनी घोंगडीखालून पाहिले आणि "आयला!" म्हणाले. (नोंदवहीत: 'निष्कर्ष समाधानकारक.') पाऊण तास ते बाहेरच येईनात. मग सरपंच तात्याबा आले. "सरका की गुरुजी, मला बी बघू द्या!" मग भजेवाला आला, पोस्टमन आला, बस थांबवून कंडक्टर आला. मोहिनीची आजी रतनबाई घोंगडीखाली गेली आणि ओरडली, "अगं माय! माझी शेरडं वर पाय करून चालायलीत! दूध सांडंल की समदं!" तीन दिवसांत दोनशे अकरा मोठ्यांनी मदत केली.

"गुरुजी, माझा नंबर कवा हाय?"

"मोठी झाल्यावर."

मोहिनीला लई राग आला. खोकं तिचं, शेरडं तिच्या घरची, आणि बघणारे समदे दुसरेच! पण रडायचे तर तोंडावरचे बोट काढावे लागते, म्हणून ती तशीच बसली.

शनिवारी विस्तार अधिकारी तपासणीला आले. हे कोणत्या मुलाने केले, असे त्यांनी विचारताच चौसष्ट बोटे तोंडावर गेली. एवढी शिस्त साहेबांनी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिली नव्हती. मग ते घोंगडीखाली गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि खोके 'अधिक तपासणीसाठी' जीपमध्ये घालून घेऊन गेले. (तपासणी अद्याप चालू आहे.)

महिन्याभरात संगणक आला. धूळ नको म्हणून खोलीच्या खिडकीला पत्रा ठोकला, संगणकावर चादर घातली, आणि दर शनिवारी मुलांनी अंधारात दाटीवाटीने बसून, हाताची घडी, तोंडावर बोट, त्याचे दर्शन घ्यावे असे ठरले. गुरुजी दार लावून बाहेर राखणीला उभे राहत.

तिसऱ्या शनिवारी मोहिनीचे लक्ष भिंतीकडे गेले. पत्र्यात एक खिळा भलत्याच जागी मारून उपटला होता. त्या भोकातून बाहेरचा उजेड आत येत होता, आणि चुन्याच्या भिंतीवर काळी-तांबडी शेरडं पाय वर करून एकामागून एक चालली होती. मागून रतनबाई, उलटी, काठीसकट. मोहिनीने शेजारणीला कोपर मारले, तिने पुढच्याला. चौसष्ट जण भिंतीकडे बघत राहिले आणि कोणी चकार शब्द काढला नाही. आत इतकी शांतता पाहून बाहेर गुरुजींचा ऊर शिस्तीच्या अभिमानाने भरून आला.

गुरुजींना हे अजून माहीत नाही. कळले की मोठ्यांची मदत सुरू होईल. वाचकहो, आपल्यालाही सांगायचे नव्हते, पण आपला भरवसा वाटतो. टाचणीपासून घोंगडीपर्यंत सगळी कृती आपण वाचलीत, घरात चपलेचे एखादे खोकेही पडले असेल, तरी आपले दोन्ही हात जिथल्या तिथेच आहेत. आणि समजा उठलातच, घरातल्या लेकराने खोक्याला हात लावला, तर आपल्या तोंडून पहिले काय निघेल?

"आण इकडं."