बर्टिलचं निधन आणि स्किमरचं गिऱ्हाईक

आपण केलेली वस्तू लोकांना हवी आहे की नाही हे लोकांनाच विचारून घ्यावं, असं वॉरेन टिलमननं ठरवलं आणि तिथंच तो फसला. कोणाला काही न विचारता तो गप्प बसला असता, तर नाताळच्या रात्री त्याच्या मावससासूच्या घरी एका वेळी खिम्याच्या नऊ हॉटडिश जमा झाल्या नसत्या.

वस्तू म्हणजे तरी काय, तर एक बटण. कंप्युटरवर इंटरनेट उघडलं की वरच्या कोपऱ्यात बसणारं इवलंसं बटण. समोर कितीही लांबलचक मजकूर असो, बटण दाबलं की आतली कृत्रिम बुद्धी तो वाचून तुम्हाला तीन ओळींत सांगणार. वर शंका विचारलीत तर उत्तरही देणार. दुधावरची साय काढावी तसं हे मजकुरावरची काढतं, म्हणून वॉरेननं त्याचं नाव ठेवलं स्किमर. (वॉरेनला स्वतःला दूध पचत नाही, ती गोष्ट वेगळी.) प्रत्येक साराच्या शेवटी बारीक करड्या अक्षरांत एक ओळ यायची, ‘कमी महत्त्वाचा मजकूर वगळला आहे.’ ती ओळ वॉरेननं स्वतः लिहिली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता.

या बटणापायी त्यानं अमेरिकेतल्या डुलूथ शहरातली बरी चाललेली नोकरी सोडली आणि वर्षभर पाहुण्यांच्या खोलीत ठाण मांडलं. त्याची बायको कारिन दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. बाई शांत, पण एकदा बोलली की बोलली. तिनं सांगून टाकलं होतं, “हे बघ, नाताळपर्यंत मला दाखव की हे कुणाला तरी खरंच लागतं. नाही दाखवलंस, तर एक जानेवारीपासून रोआल्डच्या दुकानात.”

रोआल्ड हा कारिनचा सख्खा भाऊ. घरं गरम ठेवायच्या भट्ट्या विकतो आणि बसवूनही देतो. मनानं चांगला आहे, पण वॉरेनला ‘प्रोफेसर’ म्हणतो आणि म्हणताना पाठीत थाप मारतो. त्या दुकानाच्या काउंटरमागं आयुष्य काढायच्या कल्पनेनंच वॉरेन पुन्हा कंप्युटरपुढे जाऊन बसायचा.

तेव्हा वॉरेन बाजाराचा अंदाज घ्यायला निघाला. ग्रंथालयात गेला, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात गेला, रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या टेबलापाशी उभा राहिला. प्रत्येकाला विचारलं, वापराल का? प्रत्येक जण म्हणाला, वा, छानच आहे की, नक्की वापरू. वॉरेननं घरी येऊन रंगीत तक्ते काढले. उत्तर अमेरिकेत वाचायला वेळ नसलेली माणसं किती, त्यातली निम्मी आपली धरली तर किती, असं करता करता तो जवळजवळ श्रीमंत झाला.

कारिननं तक्ते पाहिले. “यातल्या किती जणांनी बटण बसवून घेतलं?”

“अजून कुणी नाही. पण हो म्हणालेत ना सगळे!”

“वॉरेन, मी रोज प्रत्येकाला विचारते, दातांतून दोरा फिरवता का? सगळे हो म्हणतात. मग तोंड उघडतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे विचारत बसू नकोस. लोकांना तोंड उघडायला लाव.”

हा टोला वॉरेनला लागला, आणि (हे त्याच्या बाबतीत क्वचितच घडतं) पटलाही. लोक ज्याला नाही म्हणू शकत नाहीत, जे वाचल्यावाचून सुटका नाही आणि वाचवतही नाही, असं काही शोधायला हवं होतं. दोन दिवस त्यानं डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून घरी चालत आलं. लुएला मावशींचं नाताळचं पत्र!

लुएला मावशी ही कारिनच्या आईची धाकटी बहीण. मूलबाळ नाही, आर्थर काका जाऊन चार वर्षं झाली. दर डिसेंबरात ती वर्षभराची हकिगत लिहून सगळ्या गोतावळ्याला ई-मेलनं पाठवते. त्या मुलखात अशी पत्रं पुष्कळ जण लिहितात, पण बाकीचे पानभर लिहून थांबतात. मावशी चौदा पानं लिहिते. गुडघ्यापासून सुरुवात, मग छपराची गळती, मग चर्चमधल्या ऑर्गनचा वाद. आणि नाताळच्या जेवणाला सगळे जमले की एकेकाला गाठून विचारते, “माझ्या पत्रातलं तुला काय आवडलं?” घरातली मोठीमोठी माणसं त्या प्रश्नाला परीक्षेसारखी घाबरतात.

वॉरेननं त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना स्किमर पाठवून दिलं. फुकट आहे, करून बघा. मावशींच्या पत्राचं नावसुद्धा त्यानं घेतलं नाही. घेण्याची गरजच नव्हती. रात्र व्हायच्या आत गोतावळ्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं बटण बसवून घेतलं होतं. आकडे बघताना वॉरेनला गहिवरून आलं. “तोंडं उघडली, कारिन! सगळ्यांनी उघडली!”

“मीही उघडलं,” कारिन पडलेल्या आवाजात म्हणाली. तिच्यापुढे स्किमरनं काढलेलं सार होतं. “वॉरेन, बर्टिल कोण?”

वॉरेननं वाकून वाचलं.

‘लुएला यांचा गुडघा सुधारत आहे. तीस वर्षं तळघरात राहून त्यांना ऊब देणारे बर्टिल यांचं फेब्रुवारीत निधन झालं. एकंदरीत, दुःखातही आशा जागवणारं वर्ष. कमी महत्त्वाचा मजकूर वगळला आहे.’

कारिननं वॉरेनकडे पाहिलं.

“तुझी मावशी आहे,” वॉरेन म्हणाला.

“माझी असली म्हणून काय झालं? तळघरात माणूस ठेवलाय हे ती मला सांगेल होय? तीस वर्षं! आणि बिचारे आर्थर काका वरच्या मजल्यावर!”

“पत्रात बघू या का सगळं?”

“बघ ना. चौदा पानं आहेत.”

वॉरेननं पत्र उघडलं. पहिल्या पानावर गुडघ्याच्या डॉक्टरांच्या घरचीच माहिती होती. त्यानं मान वळवली आणि स्किमरलाच विचारलं, बर्टिल कोण? स्किमर क्षणभरही अडखळलं नाही. ‘बर्टिल हे लुएला यांचे दीर्घकाळचे सोबती होते. ते शेवटच्या हिवाळ्यात फार आवाज करत असत.’

“अरेरे,” कारिन म्हणाली. “दम्याचा त्रास असणार.”

इतक्यात फोन वाजला. कारिनची मावसबहीण नॅडीन. “कारिन, तू वाचलंस ना गं पत्र?”

“वाचलं तर. पूर्ण वाचलं.”

“मीही पूर्णच वाचलं. फार छान लिहिलंय, नाही?” नॅडीननं आवाज खाली आणला. “तुला माहीत होतं का गं, त्यांच्याबद्दल?”

“कुठलं! तुला?”

“छे! विचारावं का मावशीला?”

“काय विचारणार? पत्र वाचूनही कळलं नाही म्हणणार?”

इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खात होतं. बर्टिल कोण हे विचारणं म्हणजे पत्र वाचलं नसल्याची कबुली, आणि ती द्यायची कोणाची छाती नव्हती. शिवाय त्या भागातली माणसं सभ्य. म्हाताऱ्या बाईनं धीर करून एवढं मोठं गुपित कुटुंबापुढे मांडलं, तर ते तसंच मोठ्या मनानं स्वीकारावं, असं प्रत्येकानं आपापल्या घरी ठरवलं. कोणी गेलं की शब्द सुचत नाहीत, म्हणून तिथं लोक हॉटडिश करतात. मोठ्या भांड्यात खिमा, त्यावर मशरूमचं सूप, त्यावर बटाट्याच्या गोळ्यांची रांग, आणि सगळं ओव्हनमध्ये. कारिननंही केली. वॉरेननं बटाट्याच्या गोळ्या रांगेत लावल्या आणि मनात म्हणाला, बाजार आहे हे सिद्ध झालं.

नाताळच्या संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर, टेबलावर आणि पियानोवरही हॉटडिश होत्या. मावशी, अंगात लाल स्वेटर, गुडघ्याला पट्टा, दारात उभी राहून एकेक भांडं हातात घेत होती आणि चक्रावत होती. “अरे, मी मासे केलेत, बटाट्याच्या पोळ्या केल्यात! हे काय सगळे खिमा घेऊन येताय?”

“असू दे, मावशी,” नॅडीननं तिला घट्ट मिठी मारली. “आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.”

“कशाच्या बाबतीत?”

“सगळ्याच.”

सुतकी चेहऱ्यानं सगळे टेबलाशी बसले. मावशीनं सवयीप्रमाणे चष्मा पुसला आणि विचारलं, “मग, पत्र कसं वाटलं?”

“दुःखातही आशा जागवणारं,” नॅडीन म्हणाली.

“एकंदरीत, आशा जागवणारं,” तिचा नवरा म्हणाला.

“दुःख होतंच,” कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, “पण एकंदरीत आशा जागवणारं.”

मावशीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. वॉरेनच्या पायाखालची वाळू हळूहळू सरकायला लागली. सार एकच, म्हणून शब्दही तेच, हे त्याच्या रंगीत तक्त्यांत कुठंच नव्हतं. विषय बदलावा म्हणून तो घाईनं उभा राहिला आणि पेला उचलला.

“आज आपल्यात जे नाहीत,” तो म्हणाला, “त्या बर्टिल यांच्यासाठी.”

सगळे उठले. माना खाली गेल्या. कारिननं डोळे टिपले.

रोआल्ड तेवढा बसून राहिला होता. त्यानं बटण बसवलं नव्हतं, कारण तो काहीच वाचत नाही आणि हे मावशीपासून लपवतही नाही. तोंडात घास होता तो त्यानं गिळला. “बर्टिल? त्याचे तर मीच तुकडे केले.”

नॅडीनच्या हातातून काटा पडला.

“अख्खा जिन्यातून वर येईना ना! मग करवतीनं चार तुकडे केले आणि भंगारात टाकून आलो. पण काय भट्टी होती राव! तीस वर्षं एक दिवस बंद पडली नाही. शेवटी शेवटी नुसती खडखडायची.”

मग पियानोपाशी बसलेल्या कोणाला तरी हसू फुटलं आणि ते त्यानं नॅपकिनमध्ये दाबलं.

मावशी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. ओट्यावरच्या हॉटडिशकडे पाहिलं. हळूहळू तिला उलगडलं. “म्हणजे तुम्हाला वाटलं...” ती थांबली. “तुम्ही कुणीच वाचलं नाहीत.”

मग, माणसं कितीही सभ्य असली तरी, एकेक करून सगळ्यांच्या नजरा वॉरेनकडे वळल्या. त्यानं जे होतं ते सांगून टाकलं. बटण, बाजार, तोंड उघडणं, सगळं.

मावशी रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, “आर्थर होता तेव्हा दिवसभराचं सगळं त्याला सांगायची. ऐकायचा बिचारा. आता वर्षभराचं साठतं, म्हणून लिहिते.” वॉरेनला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याला खरंच वाईट वाटलं, आणि ते बटणामुळे नव्हे.

“वॉरेन,” मावशी म्हणाली, “पत्र काढ. आणि मोठ्यानं वाच.”

तो उभ्यानं वाचत राहिला. मासे गार झाले, हॉटडिश गार झाल्या. पण पत्र गमतीचं निघालं! ऑर्गनच्या वादाला सगळे खो-खो हसले, आणि बर्टिलच्या परिच्छेदाला मावशी स्वतः सगळ्यांत जास्त हसली. अकराव्या पानावर वॉरेन अडखळला.

“वाच की, प्रोफेसर,” रोआल्ड म्हणाला.

“‘आमच्या कारिनचा वॉरेन,’” वॉरेननं वाचलं, “‘काहीतरी स्वतःचं करतो आहे. मला त्यातलं काही कळत नाही. पण बर्फ पडला की न सांगता येऊन माझ्या पायऱ्या साफ करून जातो. त्याचं चांगलं होवो, असं रोज म्हणते.’”

“हे आमच्या सारात नव्हतं,” नॅडीन म्हणाली.

नव्हतंच. का नव्हतं ते वॉरेनला ठाऊक होतं, ‘कमी महत्त्वाचा मजकूर’ ही ओळ त्याचीच होती; तो पुढे वाचायला लागला.

निरोप घेताना मावशीनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की बटण काढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्किमरच्या गिऱ्हाइकांचा आकडा शून्य होता. कारिननं रोआल्डला फोन करून विचारलं की एक तारखेला किती वाजता यायचं.

वॉरेननं मग मावशींना माफीचं पत्र लिहिलं. मनापासून लिहिलं. वर्षभराची मेहनत, पाहुण्यांची खोली, आपलं स्वप्न, माणसाचं ऐकून घेणं म्हणजे काय, सगळं आलं त्यात. शेवटी लिहिताना त्याचे डोळे भरून आले. पाठवलं आणि तो आकड्यांकडे सहज बघत बसला. संध्याकाळी शून्याचा एक झाला. वॉरेन खुर्चीतून उडालाच. कोणीतरी आहे! कोणाला तरी खरंच लागतं!

पाठोपाठ मावशींचं उत्तर आलं.

‘प्रिय वॉरेन, तुझं पत्र मिळालं. फारच लांब आहे रे, आणि माझे डोळे दुखतात. म्हणून तुझं ते बटण बसवून घेतलं. ते म्हणतं, वॉरेन यांनी क्षमा मागितली आहे. एक तारखेपासून ते भट्ट्यांच्या दुकानात कामाला लागत आहेत. कमी महत्त्वाचा मजकूर वगळला आहे. छान चालतं हो तुझं यंत्र. पायऱ्यांवर पुन्हा बर्फ साचलाय.’

कारिन त्याच्या खांद्यावरून वाचत होती. तिनं ते दोनदा वाचलं.

“या खेपेला,” ती म्हणाली, “त्यानं एकही चूक केलेली नाही.”