तेरेजाबाईंचे तळवे

आमच्या डॉक्टरकाकांना नमस्कार करायची सोय नाही. हात जोडले की ते ओढून उलगडतात, खिशातलं भिंग काढतात आणि तळवे तपासतात. "हात दाखाड पहिले!" विसरवाडीत नवा आलेला माणूस त्यांना ज्योतिषीच समजतो. माझं औषधाचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागून, त्यामुळे माझे तळवे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

हे खूळ लागलं गुड फ्रायडेला. एकट्या राहणाऱ्या तेरेजाबाईंच्या दोन्ही तळव्यांतून रक्त आलं, थेट येशूच्या खिळ्यांच्या जागी. चर्चपुढे ही गर्दी! कुणी पाया पडतंय, कुणी व्हिडिओ काढतंय, कुणी लबाड म्हणतंय. बाई मान खाली घालून रडताहेत. फादरांनी घाबरून काकांना बोलावलं.

काकांनी जखमा पाहिल्या आणि फादरांशीच वाद घातला. "खिळा तळहातमा ठोकतस का कोनी? मांस फाटी जाई! मनगटमा ठोकतस!" फादरांनी वेदीवरच्या येशूच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. तिच्या तळव्यांतच खिळे होते. काकांनी मान डोलावली, दोन्ही हात प्लास्टरमध्ये घातले आणि कुणी उघडू नये म्हणून वर दवाखान्याचा शिक्का मारला.

प्लास्टर काढलं तेव्हा जखमा भरत आल्या होत्या. बाई नकळत स्वतःच तळवे ओरबाडत होत्या. नखं पोचली नाहीत, तर रक्तही थांबलं. हे काकांनी फक्त मला सांगितलं. गावाला सांगितलं, "चमत्कार बी नही, लबाडी बी नही. दुखनं शे. पट्टी रोज बदलनी पडी." गर्दी हिरमुसून पांगली.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी पट्टी बदलायला जातात. एकदा मीही गेलो. पट्टी सुटली, तर तळवे माझ्याहून साफ! मी तोंड उघडणार, तोच काकांनी माझा पाय तुडवला. "अजून कच्चं शे."

परतताना म्हणाले, "पट्टी बंद करी, तर तिना दारमा कोन जाई?"

मागच्या आठवड्यात काका तापानं पडले. काकू गेल्यापासून घरात तेही एकटेच. गोळ्या घेऊन गेलो, तर स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज. तेरेजाबाई! दोन्ही पट्ट्या सोडून खिडकीच्या गजाला टांगलेल्या. काकांना चार घास खाऊ घातल्यावर बाईंनी हात धुतले, पुसले आणि गंभीर चेहऱ्यानं त्यांच्यापुढे धरले.

"डॉक्टरसाहेब, आते बांधी द्या."

 काकांनी भिंग मागितलं, तळवे बराच वेळ न्याहाळले, "कच्चंच शे" म्हणाले आणि पट्टी बांधायला घेतली.